बोली लावण्याआधी: नकली माल आणि चोरलेली विक्रेता-खाती कशी ओळखायची

ऑनलाइन लिलावाच्या साइटवर नवा माणूस सगळ्यात आधी विक्रेत्याच्या नावाशेजारची संख्या पाहतो. दोन हजार अभिप्राय, त्यांतले नव्याण्णव टक्के चांगले, म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो. मीही बरीच वर्षं तेवढंच पाहून बोली लावत होते. मग एकदा एका जुन्या कॅमेरा-लेन्सच्या लिलावात पैसे भरण्याच्या अगदी बेतात असताना सहज त्या विक्रेत्याचे जुने अभिप्राय उघडले. अकरा वर्षांचं खातं, आणि त्या अकरा वर्षांत त्याने फक्त लोकर आणि विणकामाचे नमुने विकलेले. शेवटची विक्री दोन वर्षांपूर्वीची. आणि आदल्या रात्रीत एकदम तीस महागड्या लेन्स विक्रीला लावलेल्या. मी लेन्सचा आणखी एक फोटो मागितला. उत्तर आलं, पण साइटवर नाही, भलत्याच ईमेल पत्त्यावरून. दुसऱ्या दिवशी साइटने ते खातं गोठवलं.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की समजली. ती संख्या खात्याच्या भूतकाळाबद्दल सांगते. आज त्या खात्यामागे कोण बसलंय, हे ती सांगत नाही.

इथे धोके दोन आहेत आणि त्यांची गल्लत करायची नाही. नकली माल विकणाऱ्याकडे वस्तू असते, पण खोटी. तो फोटो देईल, पार्सल पाठवेल, प्रश्नांना उत्तरंही देईल. खातं चोरणाऱ्याकडे वस्तूच नसते. त्याच्याकडे फक्त दुसऱ्याचं चांगलं नाव असतं, आणि मूळ मालकाला पत्ता लागायच्या आत पैसे काढून पसार व्हायचं असतं. त्यामुळे पहिल्याला पकडणारी युक्ती दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. पुढच्या पायऱ्या वाचताना हा फरक डोक्यात असू द्या.

१. आधी स्वतःच्या खात्याला कुलूप

नवं खातं उघडतानाच हे काम उरकून घ्या. पासवर्ड दुसरीकडे कुठेही न वापरलेला हवा. खाती फोडणारे बहुतेक वेळा पासवर्डचा अंदाज बांधत बसत नाहीत. एखाद्या भलत्याच साइटवरून फुटलेली ईमेल आणि पासवर्डची यादी ते दुसऱ्या शेकडो साइटवर यंत्राने लावून पाहतात, आणि जिथे तोच पासवर्ड असेल तिथे दार आपोआप उघडतं. मोठ्या साइटसुद्धा यातून सुटलेल्या नाहीत. २०१४ च्या मे महिन्यात ईबे या मोठ्या अमेरिकी लिलाव-साइटने आपल्या सगळ्या सदस्यांना पासवर्ड बदलायला सांगितला. तेव्हा त्यांची संख्या सुमारे १४.५ कोटी होती. चोरट्यांनी काही कर्मचाऱ्यांची लॉगिन-माहिती मिळवून आत शिरकाव केला होता. तुमचा ईमेल पत्ता अशा एखाद्या गळतीत सापडलाय का, हे 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर फुकट पाहता येतं.

दुहेरी पडताळणी चालू करा. फोनवरच्या ॲपमध्ये तयार होणारा कोड किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने, म्हणजे बोटाच्या ठशाने वा पिनने, लॉगिन करण्याची सोय) हे एसएमएसच्या ओटीपीपेक्षा सुरक्षित, कारण सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर वळवून एसएमएस पळवता येतो. ईमेल खात्यालाही तोच बंदोबस्त करा. ईमेल ज्याच्या हातात, बाकीच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याची किल्ली त्याच्याच हातात.

आणि पासवर्ड मॅनेजर वापराच. पासवर्ड लक्षात ठेवण्याची कटकट वाचते, पण त्याचा मोठा उपयोग दुसराच आहे. साइटचा पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला, तरी तो पासवर्ड भरत नाही. हुबेहूब नक्कल केलेल्या लॉगिन पानावर तुमचे डोळे फसतील, तो फसणार नाही. एरवी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर हाताने टाइप करू नका. तिथेच थांबून वर लिहिलेला पत्ता वाचा.

२. वस्तूची ओळख आधी, शोध नंतर

लिलाव उघडून बसण्याआधी अर्धा तास त्या वस्तूवर खर्च करा. खऱ्या वस्तूचं वजन किती, मापं काय, सिरियल नंबर कुठे कोरलेला असतो, कोणत्या साली कोणते बदल झाले, आणि ती सध्या खरोखर किती किमतीला विकली जाते. किंमत पाहताना विक्रेत्यांनी मागितलेली रक्कम धरू नका, पूर्ण झालेल्या विक्रींची रक्कम पाहा. बऱ्याच लिलाव-साइटवर 'विकल्या गेलेल्या वस्तू' अशी गाळणी (फिल्टर) असते.

काही ठिकाणी निसर्गाचे नियमच तुमचे साक्षीदार असतात. टॉर्च आणि पॉवर बँकमध्ये घालायचे १८६५० नावाचे लिथियम सेल घ्या. त्या आकड्याचा अर्थ १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्याशा नळकांड्यात नामांकित कंपन्या साधारण ३५०० मिलीअँपिअर-अवरच्या आसपास क्षमता बसवू शकल्या आहेत, आणि असा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. म्हणजे ९९०० छापलेला सेल पाहिला की विक्रेत्याचे अभिप्राय वाचण्याचेही कष्ट घेऊ नका. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि खिशात मावणाऱ्या एसएसडीचंही तसंच. नामांकित कंपनीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यात कुणी दहापट जागा देत असेल, तर ती जागा फक्त लेबलावर आहे.

नाण्यांमध्ये वजनकाटा फार कामाला येतो. अमेरिकेचा १८७८ पासून पाडला गेलेला मॉर्गन चांदीचा डॉलर २६.७३ ग्रॅमचा आणि ३८.१ मिलिमीटर व्यासाचा असतो. विक्रेत्याला नाणं काट्यावर ठेवून फोटो काढायला सांगा. चांदीला लोहचुंबक ओढत नाही, त्यामुळे चुंबकाला चिकटलेलं नाणं तिथल्या तिथे बाद. चिकटलं नाही म्हणून मात्र ते खरं ठरत नाही, पितळ आणि तांबंही चिकटत नाहीत.

३. विक्रेत्याचा इतिहास वाचा, बेरीज नको

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा.

ईबे १९९५ मध्ये 'ऑक्शनवेब' या नावाने सुरू झाली आणि १९९६ च्या सुरुवातीला संस्थापक पियरे ओमिड्यार यांनी तिथे अभिप्रायांची सोय केली. अनोळखी माणसांनी एकमेकांवर भरवसा ठेवावा म्हणून काढलेली ती युक्ती आजही उत्तम आहे. पण खातं विकता, भाड्याने देता किंवा चोरता येऊ लागलं, तसा तो भरवसाही चोरीचा माल झाला.

म्हणून बेरजेवर थांबू नका. अभिप्रायांची यादी उघडा आणि विक्रेता म्हणून मिळालेले अभिप्राय वेगळे काढा. पाचशे चांगले अभिप्राय असतील, पण ते सगळे खरेदीदार म्हणून मिळालेले असतील, तर विक्रीबाबत ते काहीच सांगत नाहीत. काही जण चिल्लर किमतीच्या शंभर फुटकळ वस्तू विकत घेऊन किंवा विकून मुद्दाम आकडा फुगवतात आणि मग एकदम महागडी वस्तू लावतात. त्यामुळे अभिप्राय कोणत्या वस्तूसाठी आणि कोणत्या किमतीला मिळाला, हे पाहा. वस्तूंची नावं लपवलेली असतील, तर मी तरी पुढे जात नाही.

मग तारखा. ईबेवर दिसणारी टक्केवारी गेल्या १२ महिन्यांच्या अभिप्रायांवरून काढलेली असते, शेजारची एकूण संख्या मात्र खातं उघडल्यापासूनची. त्यामुळे एकूण तीन हजार आणि गेल्या वर्षभरात फक्त चार, असं चित्र सहज दिसू शकतं. दीर्घकाळ झोपलेलं खातं चोरट्याला फार आवडतं, कारण मालक ते उघडून पाहत नाही. झोपलेलं खातं अचानक जागं होणं, आजवर एक प्रकारचा माल आणि आज भलताच, एका रात्रीत डझनांनी लावलेल्या वस्तू, सगळ्या एकाच दिवसाच्या लिलावात: यातलं एक लक्षण दिसलं तर सावध व्हा, दोन दिसली तर सोडून द्या. एक दिवसाचा लिलाव स्वतःहून वाईट नाही. पण मूळ मालक उद्या ईमेल उघडेल, ही भीती असलेल्यालाच एवढी घाई असते.

भाषाही वाचा. जुन्या वस्तूंची वर्णनं एका माणसाच्या हातची वाटतात का, आणि नवी वेगळ्याच हातची? जुनी वर्णनं लांबलचक, प्रेमाने लिहिलेली, परत घेण्याची अट स्पष्ट. नवी तीन ओळींची, किंवा सगळा मजकूर एका चित्रात डकवलेला. मजकूर चित्रात घालतात याचं कारण असं की साइटच्या यंत्रांना शब्द तपासता येऊ नयेत आणि त्यात खाजगी ईमेल पत्ता लपवता यावा. 'बोली लावण्याआधी या पत्त्यावर लिहा' असं वाचलंत, तर पान बंद करून साइटकडे तक्रार करा. खात्याचा देश एक, माल पाठवण्याचा देश दुसरा, आणि 'मी सध्या परदेशात आहे' अशी गोष्ट जोडलेली असेल, तरीही तेच.

नकली माल विकणारा या चाळणीतून बऱ्याचदा सुटतो, कारण त्याचं खातं त्याचंच असतं आणि तो नियमित विकतो. त्याच्यासाठी वाईट अभिप्राय वाचायचे. दोन टक्के नाराज लोकांचे शब्द अठ्ठ्याण्णव टक्के 'झकास, धन्यवाद' पेक्षा जास्त सांगतात. 'ओरिजिनल नाही', 'रंग उडाला', 'कंपनीने वॉरंटी नाकारली' असे शब्द शोधा. एक बारकावा असा की नकली वस्तू घेणाऱ्या अनेकांना ती नकली आहे हे कळलेलंच नसतं, आणि पार्सल आलं त्याच दिवशी ते पाच तारे देऊन मोकळे होतात. मेमरी कार्डाचा खोटेपणा तर ते भरत आल्यावरच उघडा पडतो.

४. फोटो आणि वर्णन

विक्रेत्याचे फोटो गूगल लेन्स किंवा टिनआयमध्ये टाकून शोधा. तोच फोटो दुसऱ्या कुणाच्या जुन्या लिलावात किंवा कंपनीच्या कॅटलॉगमध्ये सापडला, तर वस्तू त्याच्याकडे नसण्याची शक्यता मोठी. वापरलेल्या वस्तूला फक्त कॅटलॉगचा फोटो असणं हे तर उघड खोटं. अनेक वस्तूंच्या फोटोंतली पार्श्वभूमीही जुळवून पाहा. एकाच घरातल्या वस्तू एकाच टेबलावर, एकाच उजेडात दिसतात. तीस लेन्स आणि तीस वेगवेगळी टेबलं दिसली, तर ते फोटो तीस ठिकाणांहून उचललेत.

वर्णनात पळवाटा शोधा. 'स्टाइल', 'सारखं', 'फर्स्ट कॉपी', 'मिरर क्वालिटी', 'खरं आहे की नाही ते फोटोवरून तुम्हीच ठरवा' या शब्दांचा अर्थ एकच, नकली. 'मला वारशात मिळालं, मला यातलं काही कळत नाही' हे कधी खरंही असतं, पण त्याच माणसाने गेल्या महिन्यात वारशात मिळालेली पाच घड्याळं विकली असतील तर ते वाक्य धंद्याचं आहे.

वर्णनातल्या लिंकवर क्लिक करू नका. २०१४ मध्ये ईबेवरच्या काही वस्तूंच्या वर्णनात असा कोड दडवला गेला होता, की पाहणारा माणूस नकळत नकली लॉगिन पानावर जाऊन पडत होता. चांगली खाती चोरीला जाण्याची ही एक जुनी वाट आहे. दुसरी वाट संदेशांची: 'माझी वस्तू अजून का पाठवली नाही? पोलिसांत जाईन' असा रागावलेला निरोप, खाली 'उत्तर द्या' असं बटण, आणि बटणामागे नकली पान. घाबरलेला प्रामाणिक विक्रेता तिथे पासवर्ड भरतो आणि त्याचं खातं जातं. असा कोणताही निरोप आला तर ईमेलमधलं बटण न दाबता साइट स्वतः उघडून तिथल्या निरोपांच्या पेटीत पाहा. तिथे नसेल, तर तो निरोप खोटा.

५. एक प्रश्न विचारा, पण नेमका

खातं चोरणाऱ्याकडे वस्तू नसते, म्हणून त्याला वस्तू हातात घेऊनच करता येईल असं काहीतरी सांगा. चिठ्ठीवर आजची तारीख आणि त्याचं सदस्यनाव लिहून ती वस्तूशेजारी ठेवून फोटो मागा. हल्ली असा फोटो बनवणंही सोपं झालंय, म्हणून आणखी एक चमत्कारिक मागणी जोडा: लेन्स उलटी धरून मागची कडा, घड्याळाचे काटे चार वाजून दहा मिनिटांवर, पेनाची निब बाजूने. खरा विक्रेता जरा कुरकुरेल, पण पाठवेल. चोर कारण सांगेल किंवा गप्प बसेल.

नकली माल विकणाऱ्याला हा प्रश्न अडवत नाही. त्याला तपशील विचारा: सिरियल नंबर, वजन, शिवणीचा आतून फोटो, खरेदीची पावती, आणि 'कंपनीच्या दुकानात तपासून खोटी निघाली तर पूर्ण पैसे परत देणार का' याचं स्पष्ट उत्तर. हे सगळं साइटच्या निरोपांतूनच विचारा. पुढे वाद झाला तर साइटला तिथलंच लिखाण दिसतं, व्हॉट्सॲपवरचं नाही.

मोबाइल घेत असाल तर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख-क्रमांक, मागा. तो १५ आकडी असतो आणि फोनवर *#०६# दाबून दिसतो. चोरीला गेलेल्या फोनांच्या यादीत तो आहे का हे तपासता येतं, आणि स्क्रीनवरचा, सेटिंगमधला व खोक्यावरचा आकडा एकच असायला हवा.

६. बोली लावताना आणि हरल्यानंतर

तुमची कमाल रक्कम आधी कागदावर लिहून ठेवा, एवढंच इथे सांगते.

हरल्यानंतरचा सापळा मात्र समजून घ्या. लिलाव तुमच्या हातून गेला आणि काही तासांनी ईमेल आला, 'पहिल्या खरेदीदाराने माघार घेतली, वस्तू तुमच्या बोलीला मिळेल.' अशी दुसऱ्या संधीची सोय काही साइटवर खरोखर आहे, म्हणून तर लोक फसतात. खरी संधी तुमच्या खात्यातल्या निरोपांत दिसते आणि पैसे साइटमधूनच भरले जातात. ईमेलमध्ये बँक खात्याचा नंबर असेल, तर ते पत्र विक्रेत्याचं नाहीच. तो मूळ लिलावावर नजर ठेवून असलेला तिसराच कुणीतरी आहे.

७. पैसे असे भरा की परत मागता येतील

वरच्या सगळ्या पायऱ्या चुकल्या तरी ही एक पाळलीत, तर बहुतेक वेळा पैसे वाचतात. म्हणून हिच्याबाबतीत मी हट्टी आहे.

पैसे साइटच्या स्वतःच्या व्यवस्थेतून भरा, आणि त्यात शक्यतो क्रेडिट कार्डाने. थेट बँकेत पाठवलेले पैसे, गिफ्ट कार्डाचे नंबर, क्रिप्टो आणि मनी ट्रान्सफर ही रोकड समजा, एकदा गेली ती गेली. वेस्टर्न युनियन या मनी ट्रान्सफर कंपनीने २०१७ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारशी ५८.६ कोटी डॉलरची तडजोड केली. आपल्या सेवेतून ठकसेनांकडे जाणारा पैसा पुरेसा रोखला नाही, हा ठपका कंपनीवर होता. एवढ्या मोठ्या रकमेनंतरही, पाठवलेले पैसे समोरच्याने उचलले की ते परत आणणं अवघडच राहतं.

पेपॅल या ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेत 'फ्रेंड्स अँड फॅमिली' नावाचा पर्याय असतो. विक्रेता म्हणेल, 'यातून पाठवा, फी वाचेल.' त्या पर्यायात खरेदीचं संरक्षण नाही. वाचणारी फी त्याची, जाणारं संरक्षण तुमचं.

महागड्या वस्तूंसाठी एस्क्रो, म्हणजे वस्तू हाती येईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवण्याची सोय, चांगली. पण एस्क्रोची साइट विक्रेत्याने सुचवलेली असेल तर नाही म्हणा. नकली एस्क्रो साइट उभी करणं हा या धंद्यातला जुना उद्योग आहे. घड्याळ, बूट, पर्स घेत असाल, तर वस्तू आधी तपासनिसांकडे जाऊन मग तुमच्याकडे येण्याची सोय आहे का, ते पाहा. ईबेने २०२० पासून अशी तपासणी सुरू केली. ती ठरावीक देशांत आणि ठरावीक किमतीच्या वस्तूंनाच लागू होते, म्हणून वस्तूच्या पानावर तशी खूण आहे का हे नीट बघा.

पैसे भरण्याआधी वस्तूचं पूर्ण पान, फोटो आणि निरोपांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. साइटने खातं बंद केलं की ते पान गायब होतं, आणि मग नेमकं काय कबूल केलं होतं हे सांगणारं काही उरत नाही.

८. पार्सल उघडताना

फोनचा कॅमेरा चालू करा. आधी लेबल, त्यावरचं वजन, मग सगळ्या बाजूंनी न फोडलेली चिकटपट्टी, मग उघडणं, सगळं एका सलग व्हिडिओत. तोडून जोडलेल्या व्हिडिओला वादात किंमत राहत नाही.

पार्सल एखाद्या मोठ्या दुकानाच्या खोक्यात, आत भलत्याच माणसाच्या नावाची पावती, असं आलं तर खुश होऊ नका. कुणीतरी चोरलेल्या कार्डावर ती वस्तू दुकानातून मागवून तुमच्या पत्त्यावर पाठवलेली असू शकते. वस्तू अस्सल, व्यवहार चोरीचा. साइटला कळवा.

मग तपासणी लगेच, त्याच आठवड्यात. मेमरी कार्ड पूर्ण भरून पाहा. नकली कार्डातल्या नियंत्रकाला खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं, आणि खरी जागा संपली की नवी माहिती जुन्यावर लिहिली जाते किंवा हवेत विरते. संगणक तोवर 'सगळं ठीक' म्हणत राहतो. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ३ ही फुकट साधनं कार्ड शेवटच्या टोकापर्यंत लिहून परत वाचून दाखवतात. वेळ खातात, रात्रभर चालू ठेवा. मी हे न करता एका कार्डावर प्रवासाचे फोटो साठवले होते. पहिले काही दिवसांचे फोटो उघडले, उरलेल्या फायलींची नावं होती आणि आत काहीच नव्हतं. ते फोटो पुन्हा काढता येणार नव्हते.

चार्जर आणि बॅटरीबाबत तर शंका आली तरी वापरू नका. २०१६ मध्ये यूएल या सुरक्षा-तपासणी संस्थेने ॲपलच्या नावाने विकले जाणारे ४०० नकली चार्जर तपासले, त्यांतले ३९७ नापास झाले. काहींची बांधणी इतकी वाईट होती की विजेच्या धक्क्याने जीव जाण्याचा धोका होता. दिसायला ते खऱ्यासारखेच होते. हातात वजनाला हलके लागणं, पिना खडबडीत असणं आणि छापलेल्या मजकुरात स्पेलिंगच्या चुका, एवढ्याच खुणा बाहेरून कळतात.

कंपनीने छापलेली डीव्हीडी मागून चंदेरी असते, घरी कॉपी केलेली बहुधा जांभळट किंवा निळसर. अत्तराच्या बाटलीवरचा बॅच नंबर खोक्यावरच्याशी जुळायला हवा. घड्याळाचं मात्र घरी ठरवू नका, घड्याळाच्या कारागिराकडून मागचं झाकण उघडून घ्या. सेकंदकाटा सरकत जातो की टिकटिकत, यावरून आता काही कळत नाही, कारण नकली घड्याळांतही चावीची यंत्रं बसवलेली असतात.

९. फसलात हे कळलं, की घड्याळाकडे पाहा

विक्रेता 'उद्या पाठवतो', 'कस्टममध्ये अडकलंय', 'आजारी होतो' असं म्हणत राहतो, त्यामागे बऱ्याचदा हिशेब असतो. तक्रारीची मुदत संपवायची. ईबेची पैसे-परत हमी वस्तू मिळाल्यापासून, किंवा मिळायला हवी होती त्या शेवटच्या तारखेपासून, साधारण ३० दिवस चालते. पेपॅलवर वाद पैसे भरल्यापासून १८० दिवसांत उघडता येतो. कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत, मागायची मुदत अनेक प्रकरणांत १२० दिवसांच्या आसपास असते. कॅलेंडरवर या तारखा खुणेने लावा, आणि विक्रेत्याच्या गोड बोलण्याने त्या पुढे ढकलू नका. तक्रार उघडलीत म्हणून प्रामाणिक विक्रेत्याचं नुकसान होत नाही, प्रश्न सुटला की ती बंद करता येते. पण घाईने बंद केलेली तक्रार बहुधा पुन्हा उघडता येत नाही. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय 'मिटलं' हे बटण दाबू नका.

तक्रार लिहिताना राग बाजूला ठेवा. 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' हे कारण निवडा, कोणत्या तीन गोष्टी जुळत नाहीत ते क्रमाने लिहा, फोटो जोडा. कंपनीच्या दुकानातून किंवा जाणकाराकडून एका ओळीचं लेखी मत मिळालं तर उत्तम.

एक डाव हल्ली बराच चालतो. विक्रेता तुमच्याच पिनकोडमधल्या भलत्याच पत्त्यावर रिकामं पाकीट पाठवतो. ट्रॅकिंगमध्ये 'पोहोचलं' असं दिसतं आणि साइटचं यंत्र त्याच्या बाजूने निकाल देतं. अशा वेळी कुरिअर किंवा पोस्टाकडे पार्सलचं नोंदवलेलं वजन आणि ते कोणत्या पत्त्यावर दिलं याचा लेखी दाखला मागा. दोन किलोच्या वस्तूचं पार्सल वीस ग्रॅमचं निघालं, की निकाल फिरू शकतो.

खातं चोरलेलं वाटलं तर साइटला लगेच कळवा आणि कार्डाच्या बँकेलाही. खात्याच्या जुन्या मालकाला शिव्या लिहू नका, तोही तुमच्यासारखाच लुटला गेलाय.

साइट स्वतःहून सगळं थांबवेल, या भरवशावर राहू नका. टिफनी या दागिन्यांच्या कंपनीने ईबेवर अमेरिकेत खटला भरला होता. नकली माल विकला जातो याची मोघम कल्पना असणं साइटला दोषी ठरवायला पुरेसं नाही, असा निकाल २०१० मध्ये अपिलात कायम राहिला. त्याआधी २००८ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने लुई व्हितॉनच्या मालक कंपनीच्या बाजूने ईबेला जवळजवळ चार कोटी युरो भरायला लावले होते, तेही पुढे अपिलात बरेच कमी झाले. या खटल्यांनंतरही एक बाब तशीच आहे: नेमकी तक्रार आली की साइटला हालचाल करावी लागते. म्हणून वस्तूचा क्रमांक देऊन तक्रार करा आणि जमल्यास मूळ कंपनीलाही कळवा. ईबेच्या 'व्हेरो' योजनेतून ब्रँडचे मालक ती वस्तू काढायला लावू शकतात.

१०. तुम्ही विक्रेते असाल आणि खातं तुमचंच गेलं तर

पहिली खूण बहुधा ईमेलमध्ये दिसते. कधी 'पासवर्ड बदलला' असा निरोप येतो. कधी उलट, तासाभरात शेकडो फालतू वर्गणी-ईमेल येऊन पडतात. तो पूर खरा निरोप बुडवण्यासाठी मुद्दाम सोडलेला असतो. त्या ढिगात हात घालून साइटचा निरोप शोधा.

मग क्रम चुकवू नका. आधी ईमेल खातं: पासवर्ड बदला, बाकी सगळ्या उपकरणांतून बाहेर काढा, आणि सेटिंगमध्ये जाऊन तुम्ही न लावलेला फॉरवर्डिंगचा किंवा गाळणीचा नियम आहे का ते पाहा. चोर असे नियम लावून साइटची पत्रं थेट कचऱ्यात पाठवतो, आणि पासवर्ड बदलल्यानंतरही तो नियम तसाच राहतो. ईमेल ताब्यात आल्यावरच लिलाव-खात्याचा पासवर्ड बदला. नंतर पैसे जमा होणारं बँक खातं, पत्ता आणि फोन नंबर तपासा, खात्याला जोडलेली अनोळखी ॲप काढून टाका, आणि तुमच्या नसलेल्या वस्तूंच्या पानांचे स्क्रीनशॉट काढून मगच ते लिलाव रद्द करा. त्या वस्तूंसाठी ज्यांनी पैसे भरलेत, त्यांना साइटवरूनच दोन ओळी लिहा: हे खातं चोरीला गेलं होतं, वस्तू अस्तित्वात नाही, आजच तक्रार उघडा. त्यांच्या तक्रारीच्या मुदतीतले दिवस संपत चाललेत.